बासष्ट इंच

१

शनिवारपर्यंत इद्रीस होडेकरला एकच गोष्ट ठरवायची होती. हौसाचे कपडे आणि केस कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे?

हौसा ही कार्टूनमधली मुलगी. वय तेरा, गाव कोकणातलं, अंगात शाळेचा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी. मुंबईचा एक स्टुडिओ तिच्यावर सव्वीस भागांची मालिका काढणार होता, आणि कॉम्प्युटरवर तिचे कपडे शिवायचं काम इद्रीसकडे येऊ घातलं होतं. तो 'शिवायचं' असंच म्हणे. स्टुडिओतल्या स्वरूपने कुरियरने दोन सीड्या धाडल्या होत्या, एकीवर लाल मार्करची खूण, दुसरीवर निळ्या.

"दोन्ही चालवून बघा, होडेकर," स्वरूप फोनवर म्हणाला होता. "हाताला बसेल ते सांगा. पण एकदा घेतलं की वर्षभर तेच. मधे बदलता यायचं नाही."

वर्षभर. इद्रीसने तेवढाच शब्द धरून ठेवला. बहरीनच्या जुन्या कंपनीने त्याला परत बोलावलं होतं. हे काम मिळालं तर रत्नागिरीत, राजीवड्यातल्या घरात बसून करता येणार होतं. नाही मिळालं तर शिफाला बहिणीकडे ठेवायचं आणि पुन्हा विमानात बसायचं. शिफा त्याची एकुलती मुलगी, हौसाएवढीच. तिची आई जाऊन चौदा महिने झाले होते. नका जाऊ, असं शिफा एकदाही म्हणाली नव्हती. पण बहरीनचं पत्र आल्यापासून शाळेतून आली की ती दप्तर ठेवायच्या आधी कपाटावर नजर टाकायची. त्याची मोठी बॅग तिथे असायची. ती जागेवर दिसली की मग चपला काढायची.

दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये कपडे चढवायला एक आयतं शरीर होतं, पण ते परदेशी. पाय लांब, खांदे रुंद. त्याच्यावर शाळेचा ड्रेस घातला की बाई नाटकात काम करायला निघाल्यासारखी दिसे. तेव्हा इद्रीसने ठरवलं, घरात तेरा वर्षांची मुलगी असताना माप दुसरीकडे कशाला शोधायचं?

मागच्या खोलीत बायकोचं, नाझियाचं शिलाई मशीन होतं. ती होती तोवर राजीवड्यातल्या निम्म्या बायका तिच्याकडेच कपडे शिवत. मशीनच्या खणात तिचा पिवळा टेप व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला होता.

"उभी रहा नीट. हलू नको."

"अब्बा, गुदगुल्या होतात. मम्मी असं नाय घ्यायची माप. ती आधी टेप गळ्यात टाकायची."

इद्रीसने टेप गळ्यात टाकला आणि पुन्हा काढला. "आता?"

"आता जरा टेलर दिसताय."

टाचेपासून डोक्यापर्यंत सत्तावन्न इंच. खांदा साडेबारा. बाकीची मापं त्याने एका कागदावर लिहून घेतली आणि टेप गुंडाळून खणात ठेवला.

२

लाल सीडीचं काम मातीच्या कामासारखं. शरीराचीच वरची कातडी जरा फुगवायची, ओढायची, दाबायची आणि तिला कापड म्हणायचं. केस म्हणजे चिकटवलेल्या पट्ट्या. सगळं झटपट होई, सांगाल तसं राही. पण ओढणी पत्र्याची वाटे.

निळ्या सीडीचं तसं नव्हतं. तिच्यात पुढचा भाग, पाठ, बाह्या असे सपाट तुकडे कापायचे. कुठली कड कुठल्या कडेला शिवायची ते रेघ ओढून सांगायचं. मग बटण दाबलं की तुकडे शरीराभोवती येत, जोडले जात आणि कापड सावकाश खाली येऊन अंगावर बसे. कोपरात चुणी पडे. ओढणी खांद्यावरून थोडी घसरे आणि थांबे. इद्रीसने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा हात माऊसवर तसाच राहिला. नाझिया नवीन तागा आला की कात्री लावण्याआधी मूठभर कापड उचलून सोडून द्यायची, आणि ते कसं पडतं ते बघत बसायची. सुट्टीवर आला की तो तिला त्यावरून चिडवायचा.

त्या संध्याकाळी त्याने दोन्हींमध्ये शिफाच्या मापाचं शरीर बनवलं. हात आडवे पसरून उभी असलेली एक करडी मुलगी. निळ्यात त्याने तीन कपडे शिवले, कमीज, सलवार आणि ओढणी. डोक्यावर दोन वेण्या घातल्या आणि कॉम्प्युटर बंद केला.

सकाळी निळी फाइल उघडली तेव्हा कमीज तोकडा वाटला. त्याने शरीराची उंची बघितली. बासष्ट इंच.

बोट चुकलं असेल, असं त्याला वाटलं. मग वाटलं, सॉफ्टवेअर मुळात सेंटिमीटरमध्ये मोजतं, इंचाचा हिशेब करताना कुठेतरी घसरलं असेल. त्याने गणित मांडून बघितलं. सत्तावन्नाचे बासष्ट कुठल्याच वाटेने होत नव्हते. पण ते फुकट चालवून बघायचं सॉफ्टवेअर होतं, त्यात एखादी खोड असणारच. त्याने बासष्ट खोडून सत्तावन्न लिहिलं. खांदा साडेचौदा दिसत होता, तो साडेबारा केला.

लाल फाइलमध्ये सगळं काल होतं तसंच होतं.

३

दुसऱ्या दिवशी पुन्हा बासष्ट. इद्रीसने पुन्हा सत्तावन्न केलं.

तिसऱ्या दिवशी आकड्याबरोबर वेण्याही बदलल्या होत्या. त्याने दोन घातल्या होत्या, आता तीन होत्या. तिन्ही बारीक, एकसारख्या, पाठीकडे सोडलेल्या. रिबिनी नव्हत्या. आणि कडेच्या यादीत, जिथे आपण केलेल्या कपड्यांची नावं येतात, तिथे पाच कपडे होते. तीन त्याचे. बाकीच्या दोन कपड्यांना नावच नव्हतं. उघडून पाहिले तर पांढरे, सरळ कापलेले, कुठेच न शिवलेले.

नवीन कापड घेतलं की सॉफ्टवेअर ते पांढरं आणि चौकोनीच देतं. म्हणजे चुकून बटण दोनदा दाबलं गेलं असणार, असं त्याने स्वतःला पटवलं. वेण्यांचं मात्र काही जुळेना. त्याने स्वरूपला फोन लावला.

"तीन वेण्या?" स्वरूप हसला. "रत्नागिरीत फॅशन वेगळी आहे का काय?"

"मी दोनच घातल्या होत्या."

"अहो, मग एक कमी करा. एवढं काय? तुम्ही काल जी ओढणी पाठवलीत ना, ती मी इथे सगळ्यांना बोलावून दाखवली. आमचे साहेब कधी कुणाला बरं म्हणत नाहीत, ते दोन मिनिटं गप्प उभे होते. त्यांना निळंच हवंय."

"लाल जास्त भरवशाचं आहे. लावलेलं माप धरून ठेवतं."

"लालचंही बघितलं त्यांनी. म्हणाले, असलं पुण्यातली पोरं आठ दिवसांत करून देतील." स्वरूपने आवाज उतरवला. "स्पष्ट सांगतो, होडेकर. निळं असेल तर काम तुमचं. लाल असेल तर मला सांगता येत नाही."

इद्रीसने फोन ठेवला. त्याने तिसरी वेणी पुसली, दोन पांढरे तुकडे पुसले आणि सत्तावन्न लिहिलं.

४

त्या वर्षी दुपारी दोन ते पाच भारनियमन असे. गुरुवारी वीज गेली तेव्हा शिफा शाळेत होती. कॉम्प्युटर बॅटरीवर गेला. बॅटरीचा डबा दर अर्ध्या मिनिटाला टिटवीसारखा ओरडायचा, पण दहा मिनिटं तरी पुरायचा. पंखा थांबला, शेजारचा टीव्ही थांबला. खाडीकडून होडीच्या इंजिनाचा आवाज येत होता, तोही दूर गेला.

पडद्यावर ओढणी खाली येत होती. इद्रीस ती थांबायची वाट बघत होता. तेव्हाच मागच्या खोलीतून कापड फाडल्याचा आवाज आला.

कात्रीचा नाही. काठाला दात लावून दोन्ही हातांनी सरळ फाडत जावं, तसा लांबलचक आवाज. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग शांतता, तुकडा बाजूला ठेवायला लागते तेवढी. मग पुन्हा.

त्याने मोजले नव्हते. पण उठून दारापर्यंत जाईतो त्याच्या ध्यानात आलं की आवाज पाच वेळा झाला होता. खोलीत मशीन होतं, त्याच्यावरचं झाकण होतं, भिंतीला टेकवलेली चटई होती. खिडकी उघडी होती. पलीकडे कोणीतरी गोणपाट फाडत असेल, असं तो मनाशी म्हणाला. पलीकडे खाडी होती.

परत आला तेव्हा दप्तर पाठीवर तसंच ठेवून शिफा कॉम्प्युटरसमोर उभी होती. शाळा लवकर सुटली होती. आज तिने कपाटावर बघितलं नव्हतं.

"अब्बा, हौसाला झोपवली कशाला?"

इद्रीसने बघितलं. करडी मुलगी आडवी होती. पसरलेले हात आता अंगालगत सरळ होते. तीन वेण्या मानेखालून एका बाजूला दिसत होत्या.

"चुकून फिरली," तो म्हणाला.

शिफा पडद्याकडे बघत राहिली. "अशा वेण्या तुम्हाला कोणी सांगितल्या?"

"कोणी नाय. का?"

"काय नाय," शिफा म्हणाली आणि आत गेली. बॅटरी संपली, पडदा काळा झाला.

५

शुक्रवारी सकाळी शिफा शाळेत गेल्यावर त्याची मोठी बहीण रझिया आली. मिरकरवाड्याहून येताना तिने पिशवीभर सौंदाळे आणले होते. ती ओट्याजवळ बसून ते साफ करू लागली.

"बघतोस काय असा? मासे कधी बघितले नायस? कसला विचार करतोस, बहरीनचा?"

"आपा, एक विचारू? नाझियाचं."

रझियाचा हात थांबला. चौदा महिन्यांत त्याने काही विचारलं नव्हतं. नाझिया गेली तेव्हा तो बहरीनला होता. निघायची परवानगी मिळून तो घरी पोचला तिसऱ्या दिवशी. दफन पहिल्याच दिवशी, दुपार कलल्यावर असरच्या नमाजनंतर झालं होतं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. त्याबद्दल त्याची कुणाविषयी तक्रार नव्हती. फक्त त्याने तिला बघितलं नव्हतं.

"तिला तयार कुणी केलं?"

"मी, आणि शेजारच्या दोघी. शिफा दारात उभी होती. जा म्हटलं तरी हलली नाय."

"कसं केलं?"

"कसं म्हणजे? करतात तसं. तुम्हा बाप्यांना काय ठाव असणार!" रझियाने हात धुतले. मग ती जरा हळू बोलू लागली. "न्हाऊ घातली. केस विंचरले, तीन वेण्या घातल्या, मागे सोडल्या. बाईमाणसाला पाच कपडे लागतात कफनाचे. कापड पुरेसं होतं. कात्री मिळेना, म्हणून तिथंच मशीनजवळ बसून हातानेच फाडलं."

"माप?"

"माप घेतलं की. तिच्याच टेपने. बिचारीने गावाची मापं घेतली, स्वतःचं कधी वहीत लिहिलं नाय."

"किती भरलं?"

रझिया त्याच्याकडे बघत राहिली. "बासष्ट. का रे?"

इद्रीस म्हणाला, "काय नाय." मग त्याने विचारलं, "तो टेप?"

"टेपचं काय? खणातून काढला, खणात ठेवला." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "कफनाचं माप घेतलेला टेप घरात ठेवायला नको होता. खरंच, त्या घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाय. तू वापरलास काय?"

"नाय," इद्रीस म्हणाला.

रझिया उठून मागे गेली. खण उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. निघताना टेप तिच्या पिशवीत होता, वर्तमानपत्रात बांधलेला. तो कुठे नेणार हे त्याने विचारलं नाही.

६

दुपारी वीज यायची होती तोवर इद्रीसने सगळं एकदा नीट लावून बघितलं. नाझियाची उंची त्याला ठाऊक असणारच. चौदा वर्षांचा संसार. इंचात नसली, तरी आपल्या हनुवटीपर्यंत म्हणून ठाऊक होती. बोटांनी नकळत तोच आकडा लिहिला असेल. वेण्यांचं शिफाने कधीतरी सांगितलं असेल आणि आपण विसरलो असू. माणूस स्वतःच करतो आणि स्वतःच दचकतो. हे सगळं पटण्यासारखं होतं.

पाचला वीज आली. शिफा घरी येऊन जेवून मागच्या खोलीत गेली होती. ही फाइल पुसून टाकायची आणि स्वरूपला लाल सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून इद्रीसने निळी फाइल उघडली. बॅग खाली काढावी लागली तर काढू.

करडी मुलगी आडवी होती. तीन वेण्या होत्या. यादीत पाच कपडे होते, आता पाचही पांढरे. कमीज, सलवार, ओढणी ही त्याची नावं गेली होती.

उंची सत्तावन्न. खांदा साडेबारा.

आकडा बरोबर आहे, हे बघून त्याला आधी बरं वाटलं. तसं क्षणभरच वाटलं. मग त्याला कळलं की रोज सकाळी इथे बसून, बासष्ट खोडून सत्तावन्न लिहिणारा तोच होता. हे तो चार दिवस करत होता, आणि आज ते मान्य झालं होतं.

"शिफा?"

उत्तर आलं नाही. तो मागच्या खोलीत गेला. शिफा मशीनजवळ चटईवर झोपली होती. लहानपणापासून ती एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. आता पाठीवर होती, पाय जुळलेले, हात अंगालगत सरळ.

"शिफा!" त्याने तिला खांद्याला धरून उठवून बसवलं.

"काय झालं, अब्बा?" ती डोळे चोळत म्हणाली. "केवढी जड झोप लागली. मला ऐकू येत होतं, पण उठता येत नव्हतं."

"पाणी पी. बाहेर पायरीवर जाऊन बस. मी बोलवेपर्यंत आत येऊ नको."

तो कॉम्प्युटरसमोर येऊन बसला. फाइल पुसायला एक बटण पुरलं असतं. पण सत्तावन्न लिहिलेलं असताना ते पुसायचं म्हणजे काय पुसायचं, हे त्याला सांगता येईना. त्याने सत्तावन्न खोडलं. सहा, दोन. खांदा साडेचौदा. मग त्याने बटण दाबलं.

शरीर वाढलं. पाच पांढरी कापडं एकामागून एक खाली आली. घाई न करता, एकेक थांबून. हे बघायचं त्याचं राहिलं होतं. तो बघत बसला. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली होता, मशीनवर वाकून वाकून झाला होता तसा. ते माप त्याने कुठेच भरलं नव्हतं.

शेवटचं कापड चेहऱ्यावर आलं. नाकाचा उंचवटा दिसला. त्याखाली ओठांच्या जागी कापडाला एक लहान खळगा पडला. कापड बसलं, म्हणजे आता ते थांबायला हवं होतं. खळगा हळूहळू भरला. मग पुन्हा आत गेला.

इद्रीसने फाइल जपून ठेवली आणि पडदा बंद केला. बाहेर पायरीवर शिफा कुणाशी तरी हसून बोलत होती. ते तो बराच वेळ ऐकत राहिला.

७

शनिवारी त्याने स्वरूपला निळं सांगितलं.

फाइल पुसली असती तर आकडा बघायचा कुठे, हा प्रश्न होता. निळं सॉफ्टवेअर नसेल तर ती उघडणार नव्हती, आणि न बघता शिफाला शाळेत धाडणं त्याला जमलं नसतं. बॅग कपाटावरच राहिली. हौसाचं काम चांगलं झालं. तिच्या दोन वेण्या शेवटपर्यंत दोनच राहिल्या, पांढरा तुकडा पुन्हा कधी आला नाही. रोज सकाळी, शिफा दप्तर भरत असताना, तो ती जुनी फाइल उघडायचा, कपड्यांकडे न बघता फक्त आकडा बघायचा आणि बंद करायचा. बासष्ट. मग म्हणायचा, जा आता.

सव्वीस भाग संपले, पुढचे सव्वीस आले. तो आकडा पुन्हा हलला नाही.

पुढल्या जूनमध्ये शाळेचा ड्रेस आखूड झाला. रझियाने नवा टेप आणला होता. तिने शिफाला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि पेन्सिलीने खूण केली. साठ. "आईवर गेली हो," ती म्हणाली. "तशीच चण आहे."

त्यानंतरच्या ईदला शिफाने स्वतःच टेप आणला आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"बघा ना, अब्बा. लवकर. मान दुखते."

इद्रीसने पेन्सिल तिच्या डोक्यावर आडवी धरली, खूण केली, टेप लावला. साडेएकसष्ट.

"किती?"

त्याने सांगितलं.

"म्हणजे अर्धा इंच," शिफा हसून म्हणाली. "अर्धा इंच, की मी मम्मीएवढी. थांबा, पुन्हा घ्या. आधी नीट उभी नव्हते."

ती चौकटीला आणखी चिकटली आणि मान ताठ केली.

"टाचा खाली ठेव," इद्रीस म्हणाला.

"खालीच आहेत, अब्बा."